लेकराचं नाव सांगा

९ एप्रिल १९७९
टेलिफोन एक्सचेंजमधली सकाळची ड्यूटी संपवून वाचनालयात शिरले. कादंबरी बदलायची होती. ग्रंथपाल बोकाडेकाका डबा खात होते, म्हणून थांबले. बाजूला बालविभागाचं कपाट उघडं. हाताला आलं ते काढलं. एक म्हैस तळ्यात बसते आणि बाहेर यायचं नाव घेत नाही. अख्खं गाव दोर लावून ओढतंय, सरपंच भाषण ठोकतोय, ती ढिम्म. हसले. मोठ्यानं. पेपर वाचणाऱ्या दोन म्हाताऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. पाहू देत.

आणि शेवटी तात्पर्य नाही! आमच्या घरी गोष्टीचं पुस्तक कधी आलंच नाही. शाळेच्या पुस्तकात असायच्या त्या गोष्टी, प्रत्येकीच्या शेपटाला तात्पर्य बांधलेलं. अशी पुस्तकं असतात हे मला चौतिसाव्या वर्षी कळतंय.

१० एप्रिल
पुन्हा गेले. आजचं: नदीकाठची पोर बापाला न विचारता होडी काढते. चित्रं काय सुरेख. नदी निळी नाही, मातकट आहे, असते तशी. घरी न्यायला मागितलं.

"हे बालसभासदाले भेटते," काका म्हणाले. "लेकराचं नाव सांगा, कार्ड बनवून देतो."

"मले लेकरू नाही."

काका टेबलावरची पुस्तकं उगीच सारखी करत बसले. मग हळूच, "भाच्या-पुतणीचं टाका ना बाई. कोण पाह्यते?"

"वाचणार मी. नाव माझंच टाका."

"तसं नाही जमत."

'मूल नाही' हे वाक्य दवाखान्यात म्हणून झालं, देवळात झालं, प्रत्येक हळदीकुंकवात झालं. वाचनालय तेवढं राहिलं होतं.

रात्री ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मनीचं नाव टाक ना. काहून वाद घालून राहिली वं?" मनी म्हणजे माझ्या दिराची मुलगी, इतवारीला असते. सासूबाई आतून, "मोठ्या बाईनं लेकराचे पुस्तकं वाचाचे? लोक म्हणतीन डोक्यावर परिणाम झाला."

नाही टाकणार.

१६ एप्रिल
तिथंच बसून वाचायला कार्ड लागत नाही! हे आधी का सुचलं नाही. बालविभागातलं बाकडं इतकं बुटकं की गुडघे हनुवटीला लागतात. लागू देत. कूलरचा वारा थेट तिथंच येतो, ही वरकड कमाई. पोरीची होडी आज संपवली. घरी परतल्यावर तिला कोणी मारत नाही. बाप विचारतो, पाणी किती होतं? बस, संपलं. मी आठ वर्षांची असताना हे हाती आलं असतं तर...

काका येता-जाता बघतात.

२१ एप्रिल
हे आज खुशीत घरी आले. खिशातून कार्ड काढून हातावर ठेवलं. त्यावर मनीचं नाव. "घे. आता कोणी काही म्हणत नाही."

मन चांगलं आहे ह्यांचं. म्हणूनच जास्त संताप आला. परक्यानं केलं असतं तर भांडून मोकळी झाले असते.

"मनीचं आहे ना? मग मनीले नेऊन द्या."

"तुह्यासाठीच केलं ना वं!"

"माह्यासाठी केलं तर माहं नाव कुठं आहे?"

ह्यांनी कार्ड परत खिशात घातलं. मग जेवायला बसलो. भरली वांगी छान झाली होती, ते सांगायचंही राहून गेलं ह्यांचं.

२ मे
शाळांना सुट्ट्या. बालविभाग भरला. दोन वेण्यांची एक पोर माझ्याशेजारी येऊन बसली आणि माझ्याच पुस्तकात डोकावू लागली. तिची आई दारातून, "इकडं ये. त्या बाईजवळ नको बसू."

हळूच म्हणाली. पण दिवसभर टेलिफोनवर बसणारीचे कान आहेत हे.

उठावंसं वाटलं. उठले नाही. पान उलटलं, त्यावर काय होतं आठवत नाही. घरी येऊन मोरीत नळ सोडून रडले. फार रडले. एवढं काय त्या पुस्तकांत, असं स्वतःलाच विचारलं. आहे. माझं आहे.

४ मे
गच्चीवर कुरड्या घालताना सासूबाईंनी विचारलं, "परवा डोळे काहून सुजले होते तुहे?" सांगून टाकलं. त्यांनी कुरडईचा साचा खाली ठेवला. मग, "कोणाची आहे वं ते बाई? नाव सांग मले."

काय करणार होत्या देव जाणे. पण त्या माझ्या बाजूनं चिडल्या, हे पहिल्यांदाच पाहिलं.

६ मे, रविवार
वाचनालयाच्या समितीनं कार्डाच्या प्रकरणी बोलावलं. अध्यक्ष रिटायर्ड हेडमास्तर, फार गोड बोलतात. चहा मागवला. म्हणाले, "आम्ही मार्ग काढला आहे. तुम्ही बालविभागाच्या ताई व्हा. रोज मुलांना गोष्टी वाचून दाखवा. पुस्तकं हवी तेवढी घरी न्या. तुमच्या मनातली मायाही कुठंतरी कारणी लागेल." बाकीच्यांनी माना डोलावल्या. काकांना तर भरूनच आलं होतं.

क्षणभर मोह झाला. खोटं कशाला लिहू.

मग म्हटलं, "मले कोणाची लेकरं सांभाळाची नाहीत. मले वाचाचं आहे. वर्गणी भरते, नाव माझं लिहा."

अध्यक्ष म्हणाले, "बाई, नियम..." म्हटलं, नियम तुम्हीच केलेला, बदला. ते म्हणाले, विचार करावा लागेल. म्हटलं, करा.

चहा पिऊनच उठले. कपाटातून जाडसं पुस्तक काढलं, चोरांच्या पोरीचं, कालच सुरू केलेलं. काकांच्या टेबलावर ठेवून पुस्तकाचं नाव सांगितलं, माझं नाव सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. काकांनी पेन उचललं नाही. हातही आडवा घातला नाही. मी पुस्तक काखेत मारून भर उन्हात घरी आले.

हे विचारतात, वाचनालयवाले पुस्तक मागायला आले तर? आले तर दारात थांबतील. माझं अजून अर्धं वाचायचं आहे.