जुन्या गोदामातून निघणारा बाण

१६ जानेवारी
पोचले एकदाची! नंदुरबार स्टेशनवर उतरले तेव्हा उन्हं कोवळी होती आणि माझा उत्साह मात्र रणरणता. सोबत वरिष्ठ नाही, टोकणारं कोणी नाही, असं हे माझं पहिलंच काम. रिक्षा गावाबाहेर पडली आणि नाकात झिणझिण्या सुरू झाल्या. बघते तर रस्त्याच्या कडेला जमीनच लाल! नजर पोचेल तिथवर मिरची वाळत घातलेली. इथे याला पथारी म्हणतात. माझ्या शिंका थांबेनात. रिक्षावाल्याने मागे न बघताच सांगितलं की आठ दिवसांत सवय होते. त्याला काय सांगू, आठ दिवसांत मी बहुतेक गोष्टींना कंटाळलेली असते.

कंपनी मिरचीचीच. शेतकऱ्यांकडून ओली लाल मिरची घ्यायची, वाळवायची, देठ खुडायचे, गोदामात भरायची आणि विकायची. मालक नवनीतभाईंना आता सगळं संगणकावर हवंय. पण सॉफ्टवेअर लिहिण्याआधी इथे काय कुठून येतं आणि कुठे जातं हे कोणीतरी रेखाटून द्यावं लागतं. ते कोणीतरी म्हणजे मी. ऑफिसच्या वरची खोली मिळाली आहे. खिडकी थेट पथारीवर उघडते. छान आहे सगळं.

१७ जानेवारी
आज काजलशी ओळख झाली. ती काट्यावर बसते, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक गाडीचं आणि पोत्याचं वजन तिच्या हाताखालून जातं. बोलकी, हसरी, आणि आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, लग्न ठरलेलं. होणाऱ्या नवऱ्याचा फोटो तिने मला ओळख झाल्यावर पाचव्या मिनिटाला दाखवला. दुपारी कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊ घातला आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी बघून पोट धरून हसली.

मी काय काढते ते तिला समजावलं. याला डेटा फ्लो डायग्राम म्हणतात. काम म्हणजे गोल. बाहेरची माणसं म्हणजे चौकोन. जिथे माहिती साठते तिथे दोन आडव्या रेघा. आणि या सगळ्यांना जोडणारे बाण. बाणावरून पोतं जात नाही, पोत्याची खबर जाते. प्रत्येक गोलात काहीतरी आत यायला हवं आणि काहीतरी बाहेर पडायला हवं. जेवढं बाहेर निघतं, त्याला पुरेल एवढं आत गेलेलं असायला हवं. नाहीतर आकृती चुकली समजायचं. काजल म्हणाली, हे तर घरासारखंच झालं. हुशार पोरगी आहे. आकृती काढणारा मात्र आकृतीत कधीच नसतो, तो बाहेर उभा राहून बघतो, हेही तिला सांगितलं.

२० जानेवारी
तीन दिवस नुसती पायपीट. प्रत्येकाला तेच विचारते. तुमच्याकडे काय येतं, तुम्ही त्याचं काय करता, पुढे कोणाला देता? देठ खुडणाऱ्या बायका तोंडाला फडकी बांधून बसलेल्या असतात, नुसते डोळे दिसतात, आणि ते डोळे मला हसत असतात. आकृती सुरेख जुळत आली आहे. एकच जागा खटकते.

पथारीच्या पलीकडे एक जुनं गोदाम आहे. रोज दुपारी एक पोतं तिकडे जातं, चिठ्ठी लावून, रीतसर. तिथून काहीही परत येत नाही. माझ्या कागदावर त्याचा एक गोल आहे, त्यात एक बाण शिरतो आणि विषय संपतो. आमच्या धंद्यात अशा गोलाला ब्लॅक होल म्हणतात आणि परीक्षेत त्याचे मार्क कापतात. मी चुनीलालआप्पांना विचारलं. ते इथले मुकादम आहेत, साठीचे, एरवी मला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर हौसेने देणारे. त्यांनी नजर पथारीकडे वळवली. मग म्हणाले, “तठे माल जास, येत नही. बठ्ठं लिखनं पडस का, मॅडम?”

हो आप्पा, सगळं लिहावं लागतं. मला तर अर्धवट बाण दिसला की जेवण जात नाही.

२१ जानेवारी
चोरी असणार, दुसरं काय! मागच्या दाराने कोणी पोतं लंपास करत असेल. म्हणून आज भर दुपारी स्वतःच जाऊन बघितलं. दाराला कुलूप नाही. आत काहीच नाही. मागे दारही नाही. कालचं पोतं नाही, परवाचं नाही, जमीन झाडून घेतल्यासारखी स्वच्छ. मी बराच वेळ उभी राहिले तेव्हा कुठे लक्षात आलं की मी शिंकत नाहीये. या आवारात पाण्यालासुद्धा मिरचीचा वास येतो. तिथे नव्हता. तिथे कशालाच कसलाही वास नव्हता. माझ्या हाताला मघाशी खाल्लेल्या कांद्याचा वास यायचा, तोही येईना.

बाहेर आले आणि इतकी शिंकले की बायका हसल्या. मलाही हसू आलं. पण दुपारभर एका जागी बसवेना.

२३ जानेवारी
नवनीतभाईंना आकृती दाखवली. त्यांनी चहा मागवला, वळणावळणाने बोलले. त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून ते पोतं जातं, जाऊ द्यावं, वाळताना होणारी घट म्हणून दाखवावं. मी म्हटलं, घट अशी ठरवून, चिठ्ठी लावून होत नाही. ते म्हणाले, मग आकृतीत ते गोदामच दाखवू नका. मला रागच आला. डोळ्यांसमोर आहे ते कागदावर नको, मग मला बोलावलं कशाला?

वर येऊन आकृती संगणकावर चढवली. प्रोग्रामही माझ्यासारखाच हट्टी निघाला. गोलाला बाहेर जाणारा बाण नसेल तर तो चूक दाखवतो, काम पुढे नेऊ देत नाही. आणि बाण नुसता लोंबकळत ठेवता येत नाही, तो कुठेतरी टेकावा लागतो. तात्पुरता म्हणून जुन्या गोदामातून एक बाण काढला आणि काजलच्या काट्यावर टेकवला. शेवटी या आवारातलं सगळं काट्यावरूनच जातं ना! खरा मार्ग सापडला की बदलेन.

चूक दाखवणारी लाल खूण गेली. किती बरं वाटलं.

२४ जानेवारी
काजल सांगत आली की काट्यावर एक पोतं येऊन पडलंय, कोणी आणलं कोणास ठाऊक. उघडून बघितलं. ओली मिरची. नुकती खुडल्यासारखी, देठ हिरवेगार. ओल्या मिरचीची शेवटची गाडी तर मी यायच्या आधीच येऊन गेली. पोत्याला चिठ्ठी होती, जुन्या गोदामाकडे जाणाऱ्या पोत्याला लावतात तसलीच.

मी खूश झाले. चोर घाबरला, माल परत करतोय. तसं काजलला सांगितलंसुद्धा.

त्या मिरचीला वास नव्हता, हे तिने सांगितलं. मी हुंगून बघितलं नाही.

२६ जानेवारी
सकाळी आवारात झेंडावंदन झालं. लाडू वाटले. सगळे रांगेत उभे असताना जुन्या गोदामाचं दार उघडलं आणि एक माणूस बाहेर आला. डोक्यावर पोतं, तोंडाला फडकं. लख्ख ऊन होतं. पथारीवर पाय न देता तो कडेकडेने चालत आला, पोतं काजलच्या काट्यावर ठेवलं, आणि तिथेच उभा राहिला. काहीतरी मिळायचं बाकी असल्यासारखा.

बायकांनी माना खाली घातल्या. थोड्या वेळाने तो आला तसा परत गेला.

मी त्या गोदामात जाऊन आले आहे. आत कोणी नव्हतं. मागे दार नाही. मी स्वतः बघितलंय.

२७ जानेवारी
चुनीलालआप्पा आज आपणहून खोलीवर आले. उंबऱ्याच्या आत येईनात. म्हणाले, “मन्हा भाऊ शे तो. हिलाल.” चालीवरून ओळखला म्हणे. ते दोघं जवान असताना हिलाल त्या गोदामातलं पोतं परत आणायला गेला होता, असा माल वाया का घालवायचा म्हणून. आत गेला तो गेलाच. पाच-पन्नास माणसांच्या देखत. तेव्हापासून पोतं द्यायचं आणि परत मागायचं नाही, असं ठरलं. तेवढ्यावर ते गोदाम गप्प होतं.

मी विचारलं, मग आत्ता का? आप्पा म्हणाले की तुम्हीच त्याला वाट काढून दिली. ते चिडले नव्हते. भाऊ दिसला म्हणून रडत होते.

नंतर काजलनेही ऐकलं सगळं. तिने हिशेब लगेच मांडला. मीच शिकवलेला. “ताई, तो बाहेर उना. मंग मझार कोन जाई?”

तो बाहेर आला, मग आत कोण जाणार? मी विषयच बदलला. ठेचा पुढे सरकवला तर तिने बोटाने चाटून खाल्ला, पाणीसुद्धा न पिता. तिखट लागत नाही म्हणाली.

२८ जानेवारी
बाण खोडला. पुन्हा पुन्हा खोडला. फाईल उडवली, कागद जाळले.
तो आला. रोजच्या वाटेने, काट्यापर्यंत. खबर एकदा पोचली की पुसता येत नाही, हे मला कळायला हवं होतं. मला!
काजल काट्यावर बसली आहे आणि शिंकत नाही. आजूबाजूला पूड उडते आहे, बाकी सगळ्यांचे डोळे वाहताहेत. ती नुसती बसून आहे. मी विचारलं, घरी जातेस का? ती म्हणाली, जाते. गेली नाही.

२९ जानेवारी
पळाले. लिहायला लाज वाटते, पण पळालेच. पिशवी भरली, स्टेशनवर आले, सुरतेकडच्या गाडीचं तिकीट काढलं. काजलच्या आईचा फोन आला. पोरगी सकाळपासून जुन्या गोदामासमोर उभी आहे, हात धरून ओढली तरी हलत नाही, मॅडम तुम्ही तिला समजावा, तुमचं ती ऐकते.

आखाजीनंतर लग्न आहे तिचं.

गाडी आली होती. मी चढले नाही.

आवारात पोचले तेव्हा ती दारापासून हातभर अंतरावर होती. “माले माहीत नही ताई, पायच आठे लई येतस.” पायच इथे घेऊन येतात म्हणे. रडत नव्हती, त्याचीच भीती वाटली. आम्ही चौघींनी उचलून तिला ऑफिसात आणलं. दाराकडे तोंड करूनच बसली आहे.

३० जानेवारी
बाण पुसला जात नाही. पण टोक हलवता येईल का? काट्यावरून उचलून दुसरीकडे टेकवता येईल का? कुठे? नवनीतभाईंवर? आप्पांवर? देठ खुडणाऱ्या कोणा बाईवर? प्रत्येक गोलामागे, चौकोनामागे एक माणूस आहे, त्याला कोणी घरी वाट बघणारं आहे, आणि मी कोण ठरवणारी —
विचार करून डोकं फुटायची वेळ आली. त्या आकृतीत मी नाही. फक्त मीच त्यात नाही.

३१ जानेवारी
आकृती नव्याने काढली. एक चौकोन जास्तीचा. त्यात माझं नाव लिहिलं. रेघ वाकडी आली, तशीच ठेवली. बाणाचं टोक उचललं आणि

टेकवलं.

खाली काजल शिंकली. मग खोकली, मग आई गं म्हणून रडायला लागली. तिची आई पण रडते आहे. मी जिन्यात बसून ऐकलं. इतका आनंद मला कधी झाला नव्हता. खरंच नाही.
आप्पांना सांगितलं, तिला आजच्या आज गावी पाठवा, आखाजीपर्यंत इकडे फिरकू देऊ नका.

१ फेब्रुवारी
खिडकी उघडी. पथारी लाल. वास नाही.
चहा — गरम, एवढंच कळतं.
आईला फोन करावा म्हणते. काय सांगू? आवाज ऐकला तर निघून जाईन. निघाले तर तो पुन्हा काट्याकडे — नको.

दुपार
जिन्यावर पावलं. घाई नाही त्यांना.

आत आला. पोतं माझ्या पायाशी ठेवलं. भिंतीला टेकून बसला. फडकं सोडलं. म्हातारा नाही झालेला. जवान पोरगा आहे, आप्पांच्या नाकाचा, दमलेला, फार दमलेला. मला भीती वाटायला हवी होती.

त्याने विचारलं, “बाई, मन्ही पाळी सरनी का?”

मी म्हटलं, हो, संपली तुझी पाळी.

तो उठला. जिना उतरला. खिडकीतून दिसतोय — ऊन त्याच्या तोंडावर, डोळ्यांवर हात धरलाय, आणि शिंकतोय. आप्पा पथारीवरून धावताहेत, मिरची तुडवत, हाका मारत — हिलाल! हिलाल!

बरं झालं.

पोतं उचलून बघितलं. मला वाटलं होतं जड असेल. पण हे तर इतकं हलकं आहे की एका हाताने लिहीत लिहीत, दुसऱ्या हाताने सहज डोक्यावर घेऊन मी जिना उतरून खालच्या दारापर्यंत आले, आणि पाय आपोआप पथारीच्या कडेकडेने —