सेट गप्प होता म्हणून

अहो,

जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या. मी नदीपलीकडे बारक्याकडे चाललेय. होय, माझ्या भावाकडेच.

दुपारी वॉकीटॉकीचा सेट कॉम्प्युटरला जोडून चॅनेल नीट करत बसले होते. खरखर किती येते ते बघायला बाजूचं लहान बटण दाबलं, तर त्याचा आवाज! "ताई, ऐकतेयस का?" थोडं थांबला आणि म्हणाला, "बरं, उद्या परत बघतो."

म्हणजे तो रोज हाक मारतोय! आपला सेट दुरुस्त होऊन आला तेव्हा त्याचा टोन बदलला असणार, बारक्याच्या सेटला जुनाच आहे. टोनची ती ओळखखूण जुळली नाही की सेट गप्प बसतो, लहान बटण दाबलं तरच सगळं ऐकवतो. आणि मी आपली समजतेय, हा मागच्या भांडणापासून अजून तोंड फुगवून बसलाय.

मी लगेच उत्तर दिलं, पण त्याला ते ऐकू जाणार कसं? जुना टोन परत टाकायला गेले, तर मेली केबलच कॉम्प्युटरला सापडेना. काढून घातली, पुसून घातली, काही नाही. फोनवर आमचं पहिल्याच वाक्याला बिनसतं, तुम्हाला माहीत आहे. घरात पाय ठरेना, म्हणून निघाले.

सेट चालू ठेवलाय. तुम्ही बोलायला जाऊ नका, तिकडे पोचणार नाही. लहान बटण दाबून नुसतं ऐका. पोचले की त्याच्या सेटवरून बोलेन. आमचे आवाज चढलेले ऐकू आले तरी काळजी करू नका. भांडत असलो तरी बोलत असू.