खेतागच्या दगडावरची उलटी खूण

लिहून ठेवणार तेम्बोलात झारागाती, वय एक्याऐंशी, निवृत्त शाळामास्तर, राहणार बर्झीकाऊ, उत्तर ओसेतिया. नजर मंदावली आहे, डोके ठिकाणावर आहे. मला कोणी गळ घातलेली नाही. घालायला घरात कोणी उरलेलेच नाही. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. घर, सफरचंदांची बाग व बँकेतली शिल्लक माझी मुलगी अझाऊ हिला. कवितांची पुस्तके शाळेला. समासात मी तरुणपणी बरेच काही लिहिले आहे. खोडू नये, मुलांना हसू द्यावे.

२. घोड्यांना डाग द्यायची, आमच्या घराण्याच्या खुणेची सळई मी शेजारी गाप्पोला कबूल केली होती. ती अझाऊला द्यावी. गाप्पोची हरकत नाही. म्हणाला, "मास्तर, माझ्याकडे घोडा कुठाय? कोंबड्यांना डागू का?"

३. शाळेसमोरची शिळा. जुन्या सार्माती घोडेस्वारांनी तिच्यावर बारा घराण्यांच्या खुणा कोरल्या, एक आमची. माळावर आडवी पडली होती, ती नोकरीच्या पहिल्या वर्षी मीच सिमेंट ओतून उभी करवली. तेव्हा पाच खुणा उलट्या दिसल्या. उलटी खूण म्हणजे बुडालेले घराणे, हा अर्थही माझाच. इतका सुंदर वाटला की वर्गात शिकवला. गावाने मानला. दोन घरांनी माझ्या शब्दावर आपल्या थडग्यांवर उलट्या खुणा घातल्या. त्यांची क्षमा मागतो.

माझा एकुलता मुलगा खेताग पुरातून घोडे सोडवताना गेला. त्याच्या थडग्याच्या दगडावर मी खूण उलटी कोरवली. अझाऊ पाथरवटाशेजारी उभी होती.

"बाबा, मग मी कोण? मीपण मेले का?"

"मुलगी परक्या चुलीची," मी म्हणालो.

ती त्याच दिवशी गेली. सतरा वर्षे झाली. खोऱ्याच्या वरच्या टोकाला घोडे पाळते. ऐकतो, की डाग न देता.

गेल्या वसंतात शहरातून एक अभ्यासक बाई आल्या. मान वाकडी करून शिळा पाहिली.

"आजोबा, ही उभी कोणी केली?"

"मीच."

"ही आडवीच असणार. माणसं भोवती बसली, आणि ज्यानं त्यानं आपल्या बाजूनं कोरलं. उलटं काही नाही हो यात. समोर बसलेल्यांच्या खुणा आहेत त्या."

गुरे घरी परतेपर्यंत मी तिथेच बसून होतो.

४. सिमेंट फोडून शिळा पुन्हा माळावर आडवी ठेवावी. पहार गाप्पोकडे आहे.

५. खेतागच्या दगडाचे काय करायचे ते अझाऊने ठरवावे. मला तो अधिकार उरलेला नाही.

६. माझ्या दगडावर नाव घालावे, खूण घालू नये. जागा मोकळी सोडावी. अझाऊ आली, तर तिला हव्या त्या बाजूने तिने खूण कोरावी. नाही आली, तर जागा तशीच राहू द्यावी, आणि कोणी तिचा अर्थ लावू नये.

हे वाचून दाखवले, ऐकले, आणि आमच्यादेखत मास्तरांनी सही केली:
गाप्पो बेताती, शेजारी
मिसुरात खोसाती, टपालवाली

तेम्बोलात झारागाती
बर्झीकाऊ, ९ ऑक्टोबर २०११