पाठीतली वाळली पानं

१२ जानेवारी, मावला

आली बाई मी मावल्यात कामाले. घर मस्त हाये. फरशी अशी चकचकीत का माह्यं तोंड दिसते, अन् तोंड काही पाहासारखं राह्यलं नाई. काम एकच. जान्हवीबाई ऑफिसात गेल्या का त्यायच्या सासऱ्याकडं पाहायचं. सासरे म्हनजे सुधाकरराव, रिटायर हेडमास्तर. दिवाळीनंतर कोनता तरी व्हायरस फुप्फुसात उतरला, हैदराबादच्या दवाखान्यात मशीनवर होते, आता घरी आले. दोन शब्द बोलले का दम लागते, तरी माह्या बोलन्यातल्या चुका काढतेत. मी म्हनलं, साहेब, मी मुधोळकडची, सातवी पास. माह्या साऱ्या चुका काढाले तुमचा श्वास पुरनार नाई. हसले. एक कोरी डायरी देल्ली. म्हने, बाई, बडबड याच्यात करा, माह्या कानाले सुटी.

१५ जानेवारी

पाठीले तेल लावता लावता गंमत म्हनून कान टेकवला. आतून आवाज, कर्र कर्र. जंगलात सागाच्या वाळल्या पानायवरून कोनी चालते ना, तसा. मी म्हनलं, साहेब, तुमच्या पाठीत पाव्हना फिरून राह्यला, चहा इचारू का त्याले? लय हसले, मंग लय खोकलले. जान्हवीबाई म्हने, डॉक्टरलेबी तो आवाज ऐकू येते, गोळ्यायनं कमी होईल.

गोळी कडू जहर. लेकरावानी तोंड फिरवतेत. मी गुळाच्या खड्यात दाबून देते. चघळता चघळता मधेच कडू आलं का माह्याकडं डोळे वटारतेत. माह्या दिवसाची तेवढीच करमनूक.

१९ जानेवारी

पाव्हन्याचा आवाज खरंच कमी झाला. साहेब आज अंगनापर्यंत चालले.

मी जान्हवीबाईले इचारलं, गोळी कायची हो? त्यायनं बसून समजावलं. व्हायरस तर कवाचाच मेला. पन त्याले माराले अंगातली जी फौज उठली, ती थांबूनच नाई राह्यली. चोर पळाला तरी घरातच लाठ्या चालवून राह्यली. त्यानं फुप्फुस सुजते, कडक होते. गोळी त्या फौजेले झोपवते. डॉक्टरले इचारल्याबिगर बंद करायची नाई.

मी मान हालवली. पन मनात किडा शिरला. आपल्याच राखनदारायले कोन झोपवते? आमचे मालक नागोराव कोरोनात गेले तवा सारं गाव म्हने, त्यायच्या अंगात ताकतच नव्हती. अन् इथं असलेली ताकत पैसे देऊन झोपवून राह्यले. शिकलेले लोक.

२२ जानेवारी

आज नुसता गूळ देल्ला. गोळी जास्वंदीच्या कुंडीत. साहेबायनं गूळ चघळला, डोळे वटाराची वाट पाहून राह्यली मी, तर नुसते माह्याकडं पाहत बसले. वरून सुंठ-गुळवेलीचा काढा पाजला. मले तर हुरूपच आला. फौज जागी करते म्हनलं.

२६ जानेवारी

रोज नुसता गूळच.

समोरच्या शाळेत झेंडावंदन झालं. जनगणमनले साहेब खुर्चीतून उठले अन् तसेच बसले. ओठ जांभळे. पाठीले कान लावला. आता एक पाव्हना नाई. लय जन. पळून राह्यलेत पानायवरून.

जान्हवीबाईले सांगाले गेली. त्या म्हने, मावशी, तुमी हाये म्हनून मी ऑफिसात निवांत बसते. मी तशीच माघारी फिरली.

२७ जानेवारी

गोळी परत चालू केली. साहेबायले गिळताच नाई येत. गूळ ओठावरून वघळला. मीच पुसला.

कुंडी उकरली. गोळ्या विरघळून गेल्या. माती नुसती पांढरट.

माह्यं अंग कनकन करते. दुपारी अंगनात पानं वाजली. जाऊन पाह्यलं – झाडलेलं अंगन. इथं साग हायेच कुठं?

२८ जानेवारी

डॉक्टरचा फोन. गोळी बंद झाली होती काय, म्हने. तसं असन तर औषध तसं देता येते.

जान्हवीबाई माह्याकडं पाहूनच बोलल्या. "नाही डॉक्टर. मावशी एक गोळी चुकवत नाहीत."

मी पानी भरत होती. भांडं भरून वाहून गेलं.

पानं आता घरात. भर दुपारी. मी थांबली का थांबतेत.

२९ जानेवारी

हैदराबादले न्याची गाडी येऊन राह्यली. साहेबायनं हातानं जवळ बोलावलं. ऑक्सिजनचा मास्क बाजूले केला.

"बाई, नुसता गूळच होता ना?"

मान हालवली मी.

"ही चूक मी नाही काढत. तुम्हीच काढा."

माहीत होतं त्यायले. गूळ गोड लागला तवापासून. माह्यावर भरोसा ठेवून –

आता सांगते. जान्हवीबाई बॅग भरून राह्यल्या –

कर्र कर्र. साहेबायच्या पाठीतून नाई. अंगनातून नाई. मी श्वास घेतला का – माह्याच –

नागोरावच्या अंगात ताकत होती. लय होती. तीच त्यायले –

गाडी आली. आवाज देल्ला, तोंडातून शब्द नाई, नुसती पानं – दम – लिहून दाखवते –

जान्हवीबाई, डॉक्टरले सांगा, गाडीतच सांगा, त्या गोळ्या मी