तिसरी पायरी

गुरुवार, संध्याकाळी सात

आज फार दमले. नगरपालिकेच्या कमानीखालच्या दगडी जिन्याची तिसरी पायरी काही डोक्यातून जात नाही. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी झिजून तिला मधोमध खोलगट वाटी पडली होती. पावसाळ्यात तिच्यात पाणी साचायचं. म्हणून दुरुस्तीचा अर्ज मीच दिला होता, तोही तीनदा! गेल्या आठवड्यात एकदाचं सपाट ग्रॅनाइट बसलं. नवखे लोक सरळ चढून जातात. ठेचकाळतो ते आम्ही, रोजचे. पाय ती वाटी शोधतो आणि फरशी आधीच लागते.

आज आमचे रिटायर झालेले शिपाई कांबळेमामा हयातीचा दाखला द्यायला आले आणि तिसऱ्या पायरीवर आपटले. गुडघा फुटला. मी धावत जाऊन त्यांना बाकावर बसवलं.

"फार लागलं का हो, मामा?"

"लागलं नाय एवढं. पण बाई, आपली पायरी कुठं गेली? डोळ्यांना दिसत नाय आता, पायाच्या सवयीनंच चढतो मी."

अर्जाची प्रत माझ्याच फायलीत आहे. त्यात दुरुस्तीचं कारण माझ्याच अक्षरात लिहिलंय: वयस्कर नागरिकांच्या सोयीसाठी.