बांधातली ताटी

३ एप्रिल १९०८
पोहोचलो एकदाचे! कॉर्नवॉलमधल्या या बॉडमिनच्या माळावर आमचं स्वतःचं घर, मेंढ्या, आणि वारा तर विचारूच नका. जोरी इतका खूश, की मी पेस्ट्या, त्या मांस-बटाट्याच्या करंज्या, भाजत असतानाच मला उचलून गिरकी घेतली. नवरा आहे की पोर! शेजारचा म्हातारा मेंढपाळ पास्को येऊन सांगून गेला, पोरी, नव्या मेंढ्या पळतात. महिनाभर वळत बसा. मग जागा अंगवळणी पडली की हाकलूनही हलत नाहीत.

५ एप्रिल
महिनाभर कोण उभं राहणार? घरामागे कुण्या आदिकाळच्या माणसांनी घातलेला गोल मातीचा बांध आहे, पुरुषभर उंच, एकच वाट. जोरीने मेंढ्या आत घातल्या आणि वाटेला ताटी लावली. एक मेंढी व्यायला आलीय म्हणून तोही आतच राहिला. जेवण मी ताटीवरून देते.

८ एप्रिल
ताटी बघून पास्को पांढराफटक पडला. अक्कल गहाण टाकलीत काय, म्हणाला, ही वाट आमच्यात कुणी बंद करत नाही! तीन दिवस कोंडलेला जीव बांधाचा होतो. मला हसूच आलं. त्याने ताटी उपटून फेकली. एकही मेंढी बाहेर आली नाही. जोरी वाटेपर्यंत आला आणि मागे वळला. चेष्टा पुरे, म्हणून मी ओरडले.

९ एप्रिल
पास्कोने आणि मी त्याला ओढून बाहेर काढलं. दोन पावलांत श्वास कोंडला, ओठ निळे झाले. परत आत ढकलावं लागलं. माझ्या हातांनी!

११ एप्रिल
बाई, तुम्ही कुणाच्या, असं जोरीने मला अदबीने विचारलं. पेस्टीला शिवला नाही. गवत खाऊन दात हिरवे झालेत.

१२ एप्रिल
पास्को म्हणतो, सोड त्याला, गावात जा. कशी सोडू? मी आत जातेय. ओळख पटली तर येईल माझ्याबरोबर. दोनच दिवस. तिसऱ्याच्या आत बाहेर. वाट उघडीच आहे.

१३ एप्रिल
त्याने मला नावाने हाक मारली, टॅमी म्हटलं! देवा — वारा लागतो म्हणून ताटी पुन्हा लावली त्याने. मी लावू दिली. हात सोडत नाही माझा.

१४
आज निघायचं होतं. पण आणखी थोडं — आता गिरकीची आठवण निघाली —

१६
ताटी बाजूला पडलीय. पास्को बाहेरून माझं नाव घेऊन रडतोय. वाट उघडी. वाटेपर्यंत आले. पलीकडे एक घर दिसतंय, कुणाचं — जोरी मागे हसतोय — मीच मला बजावतेय, पाऊल उचल, टॅमी, उच