रुक्मिणीचे गाल

लातूर, मंगळवार, संध्याकाळ

डोकं तापलंय नुसतं. क्लासच्या नव्या फ्लेक्सवर पहिली आलेली रुक्मिणी आहे, पण ते गाल तिचे नाहीत! मोठ्या सरांनी फोटोवाल्याकडून बारीक करून घेतले. मी विचारलं तर म्हणाले, "ॲडमिशनचे दिवस हायत मॅडम. जाड पोरगी बघून पालक बिचकतात."

आणि याच माणसाने वर्गात मेंदूचे स्कॅन दाखवले होते. लठ्ठ माणसांच्या मेंदूत डोपामिन या सुख देणाऱ्या रसायनाचे रिसेप्टर कमी दिसतात, त्यांना नुसतं खादाड म्हणून हिणवू नका, असं शिकवलं होतं. तेव्हा रुक्मिणीनेच विचारलं, "सर, ते कमी म्हणून माणूस जास्त खातो, का जास्त खाऊन ते कमी होतात?" सरांनी पुढचा स्कॅन लावला. उत्तर मला तरी कुठं येतंय?

आता त्याच पोरीचे गाल कापले. लाज कशी वाटत नाही?

दुपारी तिचे वडील निलंग्याहून आले, खास फ्लेक्सखाली उभं राहून फोटो काढायला. वर बघतच राहिले. मग मला म्हणाले, "मॅडम, नाव तर आमच्या रुक्मिणीचं हाय. ही पोरगी कुणाची लावली?"